नव्या हंगामाचा कबड्डी संघ पारखताना

मंडळी, जुलै महिना उजाडला की आमच्या ठाणे-कल्याण भागात दोन कामे एकदमच अंगावर येतात. मुरबाड-शहापूरकडे भाताची लावणी सुरू होते, आणि इकडे शहरात महाविद्यालयाच्या फलकावर एक कागद डकवला जातो: कबड्डी संघाची निवड अमुक दिवशी, सकाळी सात वाजता, मैदानावर. ज्या मुलाने हा कागद वाचायचा, तो बहुधा त्या दिवशी गुडघाभर चिखलात वाकलेला असतो. बापाला माणूस हवा असतो आणि क्रीडाशिक्षकांनाही माणूस हवा असतो. या ओढाताणीतूनच पुढच्या वर्षाचा संघ उभा राहायचा असतो.

याच महिन्याच्या १५ तारखेला शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस येतो. या खेळासाठी त्यांनी आयुष्य वेचले, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात. तेव्हा नव्या संघाची चौकशी करायला हा मुहूर्त बरा.

चौकशी होतेच म्हणा. गावातला पोरगा कल्याणच्या किंवा ठाण्याच्या महाविद्यालयात खेळतो आहे, असे कळले की पारावर पहिला प्रश्न येतो, "यंदा चढाईला कोण आहे?" दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. मला वाटते, आपली पारख इथेच चुकते. संघ कसा पाहावा, कोणत्या जागी कसला गडी हवा, आणि तो गडी हंगामभर टिकेल की नाही हे कशावरून ओळखावे, हे आज जरा फोड करून सांगतो. कुठल्याही एका महाविद्यालयाचे नाव घेत नाही. ठाण्याला खाडीकाठी जा, कल्याणला जा, डोंबिवलीला जा, संघ उभा राहण्याची तऱ्हा सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

पहिली गोष्ट ही की महाविद्यालयाचा संघ हा गावच्या मंडळासारखा नसतो. मंडळात एकच गडी दहा-दहा वर्षे उजवा कोपरा धरून बसतो, त्याचे लग्न होते, पोरे होतात, तरी कोपरा सुटत नाही. महाविद्यालयात तीन-चार वर्षे झाली की कितीही चांगला गडी असो, पदवी घेऊन निघून जातो. म्हणजे दरवर्षी संघाचा एक तुकडा गळून पडतो, आणि गळतो तो नेमका पिकलेला तुकडा. म्हणून जुलैत संघ पाहताना आधी कोण आला हे विचारू नका, कोण गेला हे विचारा. चढाई करणारा गेला असेल तर फारशी चिंता नको. गावोगाव चढाई करणारी पोरे पुष्कळ असतात, कारण लहानपणापासून प्रत्येकाला तेच करायचे असते. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक ही जोडी एकदम गेली असेल, तर मात्र संघाला दिवाळीपर्यंत चैन पडायचे नाही.

असे का, हे कळायला थोडा हिशेब करू. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर मांडला तर मुलांना गणिताचा तासही गोड वाटेल.

पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. एक चढाई फार तर ३० सेकंदांची. म्हणजे ४० मिनिटांत दोन्ही संघांच्या मिळून निदान ८० चढाया होतात. त्या आळीपाळीने होतात, तेव्हा ४० आपल्या आणि ४० समोरच्याच्या. याचा अर्थ असा की अर्धा सामना आपला संघ पकडच करीत असतो. पारावरचा प्रश्न फक्त उरलेल्या अर्ध्याचा होता!

आता पुढचा हिशेब. बाद झालेला गडी परत कधी येतो? समोरचा गडी स्पर्शाने किंवा पकडीने बाद केला की आपला एक गडी उठतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. समजा, आपले दोघे आधीच बाहेर बसले आहेत आणि तिसरा बाद झाला तो आपला हुकमी चढाईपटू. त्याला परत मैदानात यायला समोरचे तीन गडी मारावे लागणार. बोनसचा गुण मिळाला तरी त्याने गडी उठत नाही, हे विसरू नका. मग हे तीन गडी मारायचे कुणी? हुकमी गडी तर बाहेर बसून टॉवेल चावतो आहे. हे काम उरलेल्या चौघांच्या पकडीने व्हायचे, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूने करायचे. ज्या संघात अशी माणसे नाहीत, त्याच्यावर बघता बघता लोण चढतो आणि समोरच्याला आणखी २ गुण मिळतात. एका गड्याच्या संघाचे असे होते. तो गडी मैदानात असेपर्यंत टाळ्या, आणि तो बाहेर गेला की सगळे घड्याळाकडे बघतात.

आता कोपऱ्याकडे येऊ. खरे सांगायचे तर हाच माझ्या आवडीचा भाग आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, प्रत्येक साडेसहा मीटरचा. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडली पाहिजे. बोनस हवा असेल तर बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून त्याच वेळी दुसरा पाय हवेत उचललेला हवा, आणि समोर सहा किंवा सात गडी उभे हवेत. आता समजा, असाच एक पाय बोनस रेषेवर आला आणि आपल्या कोपऱ्याने खाली बसून घोट्याला हात घातला. साडेपाच-पावणेसहा फुटी मुलगा हात लांबवून आडवा पडला, तर टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. मध्यरेषा तिथून पावणेपाच मीटर दूर. म्हणजे पडल्यावरही त्याला अजून अडीच मीटर सरकायचे आहे, आणि तेही घोट्याला लटकलेल्या माणसाला ओढत. ही पकड सुटत नाही. पण तोच घोटा निदान रेषेवर धरला, तर उरतात फक्त दीड मीटर. एक जोराचा झटका, एक लांब उडी, आणि बोट मध्यरेषेला लागले. मग पकडणारे जितके हात अंगाला लागले असतील, तितके गडी बाद.

म्हणून चांगला कोपरा ओळखायचा तो त्याच्या धीरावरून. तो चढाईवाल्याला आत येऊ देतो. नवखा कोपरा पाय दिसला की झेप घेतो, मुरलेला कोपरा पाय मागे फिरायच्या क्षणाची वाट बघतो. त्याने घोटा धरला रे धरला की शेजारच्या मध्यरक्षकाने कमरेवर पडले पाहिजे, आणि पलीकडच्या जोडीने मध्यरेषेकडची वाट बंद केली पाहिजे. हातात हात घालून उभी राहणारी ही साखळी महिनाभरात जुळत नाही. कोपऱ्याचा खांदा किती इंच झुकला म्हणजे तो आता घुसणार, हे शेजाऱ्याला न बोलता कळावे लागते. दोघे एका गावचे, एकाच गाडीने येणारे असतील तर हे लवकर जमते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यातला गिरीश इर्नाक हा असाच डाव्या कोपऱ्याचा गडी. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांसाठी निवडलेल्या भारतीय संघात तो होता. त्या वर्षी इराणने उपांत्य फेरीत आपल्याला हरवले आणि १९९० सालच्या बीजिंगपासून एकदाही न चुकलेले पुरुषांचे सुवर्ण प्रथमच हुकले. पुढे २०२३ साली हांगचौला ते परत मिळाले. गावातल्या पोरांना चढाईपटूंची नावे तोंडपाठ असतात. गुरुजींनी कधीतरी वर्गात कोपऱ्याच्या गड्यांची नावे विचारून पाहावीत.

चढाईवाल्यांना मी कमी लेखतो असे समजू नका. फक्त त्यांची मोजदाद नीट करा, एवढेच म्हणणे. संघात चढाईचे तीन स्वभाव हवेत. एक हात-पाय लांब असलेला, सात गडी समोर असताना बोनस खुडून आणणारा. दुसरा अंगाने भरलेला, दोघांच्या मिठीतून ओढत येणारा. आणि तिसरा थंड डोक्याचा. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. त्या तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवायचे, हे ज्या संघनायकाला आधीपासून ठाऊक असते त्याचा संघ शेवटच्या पाच मिनिटांत गडबडत नाही. निवडीच्या दिवशी हा तिसरा मुलगा डोळ्यांत भरत नाही. त्या दिवशी उड्या मारणारा भरतो. म्हणून एका सकाळच्या निवडीवर माझा फारसा विश्वास नाही. आठवडाभर तरी पोरांना खेळवून पाहावे.

राखीव गड्यांकडेही बघा. संघ सातांचा असला तरी यादी बारांची असते. राखीव पाचांत एक कोपरा आणि एक मध्यरक्षक असलाच पाहिजे. पाचही जण चढाईवाले असतील, तर ती यादी कुणाच्या तरी भिडेखातर झाली आहे असे खुशाल समजा.

आता वजनाचा प्रश्न. हा नाजूक आहे आणि पालकांनी लक्ष देऊन ऐकण्याजोगा आहे. खुल्या गटात पुरुषांना ८५ किलोपर्यंत वजन चालते, तिथे आमच्या पोरांना सहसा अडचण येत नाही. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले महाविद्यालयाबरोबर जिल्ह्याच्या कुमार गटातही खेळतात. तिथे वयाची मर्यादा २० वर्षे आणि वजनाची ७० किलो. वाढत्या वयाचा, कोपऱ्यात खेळणारा दणकट मुलगा ७१-७२ वर हमखास जातो. मग सुरू होते उपासमार. असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. कुठला ते सांगत नाही. त्याने वजनाच्या आधी दीड दिवस पाणीसुद्धा तोडले होते, आणि भर दुपारी स्वेटर घालून पळत होता. काटा बरोबर ७० वर थांबला, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुपारी खेळायला उभा राहिला तो पिंडऱ्यांत गोळे घेऊनच. दुसऱ्या डावात त्याने घोटा धरला, पण बोटांत ताकदच नव्हती. चढाईवाला त्याला झटकून गेला, आणि पोरगा तिथेच पालथा पडून राहिला. आम्हाला वाटले लाजेने उठत नाही. जवळ गेलो तर अंग गार, ओठ कोरडे. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजत त्याला दवाखान्यात नेला.

मंडळी, त्या दिवशी पाठ थोपटणाऱ्यांत मीही होतो. अंगातले पाणी तोडून उतरवलेले वजन हे वजन नव्हेच. पाणी प्यायले की ते परत येते, आणि मधल्या वेळात रक्त घट्ट होते, स्नायू आखडतात, चक्कर येते. वजन उतरवायचे असेल तर जुलैपासून, महिन्याला किलो-दीड किलो, भाकरी-भात-डाळ आणि पाणी न तोडता. तेवढ्याने जमत नसेल, तर मुलाला खुल्या गटात खेळवावे. नव्या संघाच्या यादीत वजनाचा रकाना असतोच. तिथे कुणाच्या नावापुढे मर्यादेला चिकटून ६९ किंवा ७० दिसले, तर त्या मुलाला एकटे गाठून विचारा, काल रात्री काय जेवलास?

दुसरी काळजी मॅटची. आपली पोरे मातीवर वाढली. मातीत पाय घसरतो, पण घसरतो म्हणूनच गुडघा वाचतो. मॅटवर बूट घालून खेळायचे, तिथे पाय जागच्या जागी रुतून बसतो, आणि वरचे अंग वळले की वळण गुडघ्यावर येते. गावाकडून थेट आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात मॅटवर जोराच्या पकडी करू देऊ नयेत. आधी बूट घालून नुसते धावणे, थांबणे, वळणे. ज्या महाविद्यालयाकडे स्वतःची मॅट नाही, त्यांची पोरे स्पर्धेच्या दिवशीच पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवतात, आणि मग "आमच्या गड्याचे नशीबच खोटे" म्हणून लंगडणाऱ्याला घरी आणतात. शेजारच्या मंडळाकडे महिनाभर आधी शब्द टाकला, तर कुणी सहसा नाही म्हणत नाही. ठाण्यात चरईच्या श्री मावळी मंडळासारख्या संस्था कबड्डीच्या राज्य पातळीवरील स्पर्धा भरवत आल्या आहेत. या मुलखात खेळावर जीव टाकणाऱ्या माणसांना तोटा नाही.

मुलींच्या संघाबद्दल दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे, निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर. जागा लहान, म्हणून साखळीला पळापळ कमी आणि चढाईला फट कमी. इथे पकड आणखीच मोलाची. हांगचौला आपल्या मुलींनी चिनी तैपेईला अंतिम सामन्यात २६-२५ असे हरवले, म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एकाच पकडीचे अंतर. पण मुलींचा संघ बहुतेक वेळा मैदानावर मोडत नाही, तो संध्याकाळी सहा वाजता मोडतो. सराव संपेपर्यंत अंधार होतो, वासिंद-आसनगावला उतरून पुढे पायी वाट असते, आणि घरून निरोप येतो, पुरे झाला खेळ. ज्या शिक्षकांनी सराव सकाळी घेतला, किंवा एका दिशेच्या चौघी-पाच जणींना एकाच डब्यातून जायची सवय लावली, त्यांचे संघ टिकलेले मी पाहिले आहेत.

गाडीचा प्रश्न मुलांनाही आहेच. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. दोन्हीकडून पोरे येतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही, तिथला मुलगा एस.टी.ने कल्याणला यायचा, आणि महाविद्यालय ठाण्याला असेल तर पुढे लोकलला लटकायचा. सातच्या सरावाला तो घरून पाचच्या आत निघालेला असतो, बहुधा चहावरच. हा मुलगा दहा मिनिटे उशिरा आला, तर त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावू नका. त्याच्या हातावर आधी दोन केळी ठेवा.

संघ पाहायला जाल तेव्हा एवढे करा. हातात कागद घ्या आणि सात जागा लिहा: डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन मध्यरक्षक, आणि उरलेले तिघे. प्रत्येकापुढे मुलाचे गाव, तो कोणत्या वर्षाला आहे, आणि घरून किती वाजता निघतो, हे तीन रकाने भरा. शेवटच्या वर्षाची किती नावे आली ते मोजा, म्हणजे पुढच्या जुलैत काय उरणार ते आजच कळेल. नावे मात्र पेन्सिलीने लिहा. लावणी उरकल्यावर, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मुरबाडकडची दोन-तीन पोरे उशिरा येतील. हातापायाला चिखलाच्या भेगा, अंग उन्हापावसाने रापलेले, आणि तोंडातून शब्द फुटत नाही अशी. निवड झाली, आता जागा नाही, असे सांगून त्यांना परत पाठवायच्या आधी, एकदा डाव्या कोपऱ्यात उभे करून बघा.